डेरिव्हेटिव्हची किंमत आणि पतजोखीम: कुठल्या प्रश्नाला कुठली पद्धत

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून औषधं परदेशी जातात, मुरगाव बंदरातून खनिज जातं, प्रक्रिया कारखान्यांतून कोळंबी आणि मासळी जाते. पैसे येतात डॉलरमध्ये. पगार, वीजबिल आणि कर मात्र रुपयांत भरावे लागतात. म्हणून निर्यातदार बँकेशी फॉरवर्ड करार करतात, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या दराने डॉलर विकायचं आजच ठरवतात. काहीजण ऑप्शनही घेतात, म्हणजे तसं विकण्याचा नुसता हक्क. अशा करारांना डेरिव्हेटिव्ह म्हणतात. तिमाही संपली की बँकेकडून एक कागद येतो: तुमच्या कराराचं आजचं मूल्य अमुक इतकं. लेखापाल तो आकडा हिशेबात चढवतो. लेखापरीक्षकाने विचारलं की हा आकडा कसा आला, तर उत्तर मिळतं, ‘बँकेने कळवला.’

हे उत्तर चालवून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. करार आपला आहे, नफा-तोटा आपला आहे, तर आकडा तपासण्याची कुवतही आपल्याकडे हवी. पणजी-मडगावच्या बँकांत कर्ज विभागात नुकते रुजू झालेले, कारखान्यांच्या हिशेब खात्यात काम करणारे आणि वाणिज्य शाखा संपवून या क्षेत्राकडे वळणारे यांच्यासाठी हा लेख आहे. चक्रवाढ व्याज आणि शेकडेवारी येत असेल तर सुरुवात करता येते. पुढचे आकडे हिशेब सोपा पडावा म्हणून मानलेले आहेत, आजच्या बाजाराचे नाहीत.

पहिली पायरी: आकडा कशासाठी हवा, ते आधी लिहा

नवखा माणूस थेट सूत्राकडे धावतो. त्याआधी कागदावर एक ओळ लिहा: मला किंमत हवी आहे की तोट्याचा अंदाज?

किंमत म्हणजे आज हा करार कुणाला विकला, किंवा दुसऱ्या व्यवहारांनी त्याची तंतोतंत भरपाई करून ठेवली, तर किती रुपये लागतील. तोट्याचा अंदाज म्हणजे अशी शंभर कर्जं दिली तर त्यांतली किती बुडतील आणि त्यासाठी किती तरतूद ठेवावी. दोन्हीकडे ‘शक्यता’ हा शब्द येतो, पण त्या दोन वेगळ्या शक्यता आहेत. पहिली बाजारातल्या भावांतून उलटी काढलेली असते, दुसरी गेल्या वर्षांच्या अनुभवातून. एकीचा आकडा दुसरीच्या जागी बसवला की पुढचं सगळं गणित बरोबर करूनही उत्तर चुकतं. पद्धतींची तुलना करताना मी नेहमी हाच प्रश्न आधी विचारते: यातली शक्यता कुठून आली?

दुसरी पायरी: फॉरवर्डपासून सुरुवात करा

फॉरवर्डला कुठलंही प्रतिमान (मॉडेल) लागत नाही, म्हणून शिकायला तो सगळ्यात चांगला. समजा आज डॉलर ८० रुपयांना आहे, एका वर्षाचा रुपयाचा व्याजदर ७ टक्के आणि डॉलरचा ४ टक्के. वर्षानंतरचा फॉरवर्ड दर असा: ८० गुणिले १.०७ भागिले १.०४, म्हणजे ८२.३१ रुपये.

‘बँकेला डॉलर वर जाईल असं वाटतं म्हणून तिने ८२.३१ दिला’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही. बँक आज डॉलर कर्जाने घेऊन, विकून, रुपये ठेवीत ठेवू शकते. वर्षाअखेर तुमचे डॉलर घेऊन कर्ज फेडू शकते. या फेऱ्याचा हिशेब ८२.३१ वर बरोबर जुळतो. याहून वेगळा दर कुणी दिला तर दुसरा कुणीतरी जोखीम न घेता पैसे कमावील, आणि तसं करणारे बाजारात भरपूर असतात. बँकेचा नफा या दराच्या आजूबाजूला काही पैसे ठेवून येतो.

जुन्या कराराचं आजचं मूल्यही इतकंच सोपं. तुम्ही ८२.३१ ला एक लाख डॉलर विकायचं ठरवलं. सहा महिने गेले आणि उरलेल्या सहा महिन्यांचा नवा फॉरवर्ड ८४ रुपये झाला. दर डॉलरमागे १.६९ रुपयांचा फरक तुमच्या विरुद्ध गेला. तो वर्षाअखेर पदरी येणार, म्हणून सहा महिन्यांच्या ३.५ टक्के व्याजाने आजवर आणा: १.६३ रुपये. एक लाख डॉलरवर साधारण १ लाख ६३ हजार रुपयांचा तोटा. बँकेच्या कागदावरचा आकडा याच्या जवळपास नसेल तर फोन उचलायला हरकत नाही.

तिसरी पायरी: एका फांदीचं झाड हाताने करा

इथे घाई करू नका. ऑप्शनच्या किमतीमागची सगळी कल्पना या एका उदाहरणात आहे. पुढे कितीही अवघड सूत्र आलं तरी मुळात हेच चाललेलं असतं.

निर्यातदाराला डॉलर घसरण्याची भीती आहे, पण वाढला तर फायदाही हवा आहे. म्हणून तो ८२ रुपयांचा पुट ऑप्शन घेतो, म्हणजे वर्षानंतर ८२ ला डॉलर विकण्याचा हक्क, बंधन नाही. समजा वर्षानंतर डॉलर एकतर ८८ होईल नाहीतर ७२. ८८ झाला तर हक्क निरुपयोगी, शून्य. ७२ झाला तर हक्काची किंमत १० रुपये. मग आज त्यासाठी किती प्रीमियम द्यावा?

आता ऑप्शन बाजूला ठेवा आणि हे करा. ०.६०१ डॉलर ४ टक्क्यांनी कर्जाऊ घ्या. ते ८० च्या भावाने विका, ४८.०८ रुपये मिळतील. त्यात स्वतःचे ३.३२ रुपये घालून ५१.४० रुपये ७ टक्क्यांनी ठेवीत ठेवा. वर्षाअखेर ठेव ५५ रुपये होते आणि डॉलरचं कर्ज ०.६२५ डॉलर होतं. डॉलर ८८ असेल तर कर्ज फेडायला ५५ रुपये लागतात, हातात शून्य. डॉलर ७२ असेल तर ४५ रुपये लागतात, हातात १० रुपये. पुटने जे दिलं असतं तेच, दोन्ही बाजूंना. म्हणून पुटची किंमत ३.३२ रुपये. त्याहून कमी-जास्त असेल तर दोन्ही व्यवहार समोरासमोर ठेवून कुणीही फुकटचा नफा काढील.

या गणितात डॉलर वर जाण्याची शक्यता किती, हे आपण कुठेच विचारलं नाही. एकाला ती ९० टक्के वाटो, दुसऱ्याला ३० टक्के, किंमत ३.३२ च. तरीही हाच हिशेब शक्यतेच्या भाषेत मांडता येतो. डॉलरची सरासरी बरोबर फॉरवर्डइतकी, म्हणजे ८२.३१, यावी अशा शक्यता शोधा. वर जाण्याची ६४.४ टक्के, खाली येण्याची ३५.६ टक्के. १० रुपयांचे ३५.६ टक्के म्हणजे ३.५६, त्याला १.०७ ने भागा, ३.३२ आलं. या शक्यतांना जोखीम-तटस्थ म्हणतात. त्या डॉलरबद्दलचं भाकीत नाहीत, भरपाईच्या खर्चाची वेगळ्या रूपात केलेली नोंद आहेत.

कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाईन यांनी १९७९ मध्ये हे झाड अनेक फांद्यांचं करून मांडलं. स्प्रेडशीटमध्ये पन्नास-शंभर पायऱ्यांचं झाड एका दुपारीत उभं राहतं. मुदतीच्या आत कधीही वापरता येणाऱ्या ऑप्शनला आजही झाडच सोयीचं, कारण प्रत्येक फांदीवर थांबून ‘आता वापरू की थांबू’ हे विचारता येतं.

चौथी पायरी: सूत्र वापरा, पण चढउतारावर नजर ठेवा

फांद्या वाढवत नेल्या की झाड ऑप्शनची किंमत थेट देणाऱ्या १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्राला येऊन मिळतं. रॉबर्ट मर्टन यांनीही त्याच वर्षी या विचाराला भक्कम पाया दिला. मर्टन आणि शोल्स यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फिशर ब्लॅक १९९५ मध्येच गेले होते. दोन चलनांचे दोन व्याजदर सांभाळणारं त्याच सूत्राचं रूप गार्मन आणि कोलहागेन यांनी १९८३ मध्ये दिलं, आणि निर्यातदाराच्या कामाचं तेच आहे.

वरचाच पुट त्या सूत्रात घातला, वार्षिक चढउतार, म्हणजे दर वर्षभरात किती हलतो त्याचं माप, १० टक्के धरला, तर किंमत २.९२ रुपये येते. एका फांदीच्या झाडाने ३.३२ दिली होती. फांद्या वाढवल्या की हा फरक मिटतो. आता चढउतार ५ टक्के धरा: १.३९ रुपये. बाकी काहीही न बदलता किंमत निम्म्याहून खाली आली. व्याजदर, स्पॉट (डॉलरचा आजचा दर), मुदत हे आकडे सगळ्यांकडे जवळपास सारखेच असतात. तुमचा आणि बँकेचा आकडा जुळत नसेल तर सर्वांत आधी विचारायचं ते हेच: चढउतार किती धरलात, तो बाजारातल्या ऑप्शनच्या भावांतून काढला की गेल्या वर्षाच्या दरांतून? मूल्यासाठी पहिला हवा. दुसरा तपासणीला चांगला.

तिसरा मार्ग मॉन्टे कार्लो: संगणकावर डॉलरच्या हजारो वाटा काढायच्या, प्रत्येक वाटेवर ऑप्शनचं काय होतं ते पाहायचं आणि सरासरी आजवर आणायची. फेलिम बॉयल यांनी १९७७ मध्ये ही पद्धत ऑप्शनसाठी वापरून दाखवली. वर्षभराच्या सरासरी दरावर पैसे देणारा करार असेल किंवा अनेक करार एकत्र मोजायचे असतील तर हाच मार्ग सोयीचा. पण चूक निम्मी करायला वाटा चौपट लागतात, तेव्हा साध्या पुटसाठी हा खटाटोप नको.

व्याजदरांच्या संपूर्ण वक्राच्या, म्हणजे वेगवेगळ्या मुदतींचे दर जोडणाऱ्या रेषेच्या, अशा वाटा काढताना सगळ्या मुदतींच्या हालचाली थोड्याच स्वतंत्र घटकांत मोडतात: पातळी, उतार, वक्रता. यादृच्छिक फलनांची, म्हणजे योगायोगाने आकार बदलणाऱ्या वक्रांची, अशी फोड करण्याच्या सिद्धांताला कोसंबी-कारुनेन-लोव्ह हे नाव आहे. त्यातले कोसंबी म्हणजे १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचा यावरचा निबंध १९४३ चा. इतिहासकार म्हणून त्यांना ओळखणाऱ्या आपल्या वाचकांनी हेही जाणून घ्यावं.

पाचवी पायरी: पतजोखमीच्या तीन पद्धती एकाच कर्जावर लावून पाहा

आतापर्यंत आपण समोरचा पैसे देणारच असं धरलं. आता ते सोडू. तो पैसे न देण्याची जोखीम म्हणजे पतजोखीम.

*अनुभवाची पद्धत.* अमुक दर्जाच्या कंपन्यांपैकी वर्षाला किती बुडाल्या, बुडाल्यावर किती वसूल झालं, हे पाहायचं. समजा शंभरातली एक बुडते आणि ४० टक्के वसुली होते. शंभर रुपयांच्या कर्जावर अपेक्षित तोटा ६० पैसे. भारतीय लेखामानक १०९ खाली तरतूद ठरवताना हाच मार्ग धरतात, मात्र पुढच्या परिस्थितीचा अंदाज त्यात मिळवावा लागतो. दर्जावर पूर्ण विसंबू नका. पायाभूत सुविधांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस कंपनीला २०१८ च्या मध्यापर्यंत सर्वोच्च ट्रिपल-ए दर्जा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात तो डी, म्हणजे कर्ज थकवल्याचा दर्जा, झाला.

*भावातून काढण्याची पद्धत.* जॅरो आणि टर्नबुल यांनी १९९५ मध्ये आणि डफी-सिंगलटन यांनी १९९९ मध्ये मांडलेला मार्ग. कंपनी का बुडेल यात न शिरता, बाजार तिच्या रोख्याला काय भाव देतो ते पाहायचं. वर्षाने १०० रुपये देणारा, मध्ये व्याज नसलेला रोखा ९१ रुपयांना मिळतो. जोखीम नसती तर तो १०० भागिले १.०७, म्हणजे ९३.४६ ला असता. ४० टक्के वसुली धरली तर हा फरक पडायला बुडण्याची शक्यता ४.३८ टक्के असावी लागते. ताळा करा: १०० मधून ६० गुणिले ०.०४३८ वजा, उरले ९७.३७, भागिले १.०७, आले ९१.

अनुभव १ टक्का सांगतो, भाव ४.३८ सांगतो. यात कुणी चुकलेलं नाही. रोखा घेणारा केवळ सरासरी तोट्याची भरपाई मागत नाही. सगळी कर्जं एकाच वाईट वर्षी बुडतात ही धास्ती, आणि अडचणीत रोखा विकायला गिऱ्हाईक मिळणार नाही ही भीती, या दोन्हींची किंमतही तो मागतो. करार विकत घेताना ४.३८ वापरा, तरतूद ठेवताना १ टक्क्यापासून सुरुवात करा. मला या लेखातून एवढी एकच सवय लावायची आहे.

*ताळेबंदातून काढण्याची पद्धत.* मर्टन यांचा १९७४ चा विचार. कंपनीची मालमत्ता १४० कोटी, वर्षाने फेडायचं कर्ज १०० कोटी. वर्षाअखेर मालमत्ता १०० च्या वर असेल तर मालक कर्ज फेडून उरलेलं ठेवतील. खाली असेल तर किल्ल्या सावकाराकडे देतील. म्हणजे भागधारकांच्या हाती मालमत्तेवरचा कॉल ऑप्शन, ठरलेल्या किमतीला ती घेण्याचा हक्क, आहे आणि चौथ्या पायरीचं सूत्र जसंच्या तसं लागू पडतं. मालमत्तेचा चढउतार २५ टक्के धरला तर बुडण्याची जोखीम-तटस्थ शक्यता ६.८ टक्के येते आणि कर्जाची किंमत ९२.८२ कोटी.

इथे जरा थांबा. आधीच्या पद्धतीत शक्यता ४.३८ टक्के असून किंमत ९१ होती. इथे शक्यता जास्त, तरी किंमतही जास्त! कारण या प्रतिमानात मालमत्ता हळूहळू सरकत १०० च्या खाली जाते, बुडाली तरी थोडक्यात बुडते, आणि तोटा सरासरी १० टक्क्यांच्या आसपासच राहतो. खऱ्या जगात घोटाळा उघडकीस येतो, परवाना रद्द होतो, आणि एका आठवड्यात सगळं कोसळतं. म्हणून थोड्या मुदतीच्या कर्जावर मर्टनचं प्रतिमान जोखमीची किंमत फार कमी दाखवतं. मग ते कशाला शिकायचं? कारण कर्ज वाढवलं, मालमत्ता घटली, धंदा अस्थिर झाला तर काय होईल हे तेच सांगतं. गोव्यातल्या बहुतेक मध्यम कंपन्यांचे रोखे बाजारात नाहीत, त्यांना भावाची पद्धत लावायला भावच नसतो. कर्ज विभागात बसून अशा कंपनीचा विचार करायचा तर मर्टनची दृष्टी हवी, पण शेवटची किंमत तिच्यावर सोडू नये.

भारतात क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप, म्हणजे कर्ज बुडण्याविरुद्धच्या विम्यासारखे करार, २०११ पासून आहेत, रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नवे निर्देशही दिले, पण व्यवहार विरळ आहेत. म्हणून परदेशी पाठ्यपुस्तकांत स्वॅपच्या दरातून जे काढतात ते इथे रोख्यांच्या वाढीव व्याजातून काढावं लागतं. ४० टक्के वसुली हाही त्या आंतरराष्ट्रीय बाजाराचा रिवाज आहे. तुमच्या कर्जाला तारण काय आहे ते पाहून तो बदला.

सहावी पायरी: दोन्ही जोखमी एकत्र आणा

आता बँकेच्या खुर्चीत बसा. निर्यातदाराने ८२.३१ ला एक लाख डॉलर विकायचं कबूल केलं आहे. डॉलर ८८ झाला तर बँकेचा डॉलरमागे ५.६९ रुपये फायदा, आणि तेव्हाच निर्यातदार बुडाला तर तो फायदा गेला. डॉलर ७२ झाला तर बँकेलाच द्यायचं आहे, तिथे पतजोखीम नाही. वर जाण्याची जोखीम-तटस्थ शक्यता ६४.४ टक्के, म्हणून सरासरी उघडी रक्कम, म्हणजे ग्राहक बुडाला तर धोक्यात येणारी रक्कम, सुमारे ३ लाख ६७ हजार. गुणिले ४.३८ टक्के, गुणिले ६० टक्के तोटा, भागिले १.०७: साधारण ९,००० रुपये. डॉलरमागे ९ पैसे. यालाच पतमूल्य समायोजन म्हणतात. २००८ च्या संकटानंतर बासेल ३ या आंतरराष्ट्रीय बँक नियमांनी बँकांना यासाठी भांडवल ठेवायला लावलं.

या गुणाकारात एक गृहीतक लपलेलं आहे: डॉलर वर जाणं आणि निर्यातदार बुडणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. डॉलर वर गेला तर निर्यातदाराची कमाई वाढते, म्हणजे एरवी संबंध उलटा, बँकेच्या सोयीचा. पण गोव्याने दुसरी बाजूही पाहिली आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने इथलं लोहखनिज उत्खनन थांबलं. तेव्हा डॉलर ५२ रुपयांच्या आसपास होता. ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस तो ६८ च्या पुढे गेला. पुढच्या निर्यातीच्या भरवशावर डॉलर आधीच विकून ठेवलेला एखादा खनिज निर्यातदार डोळ्यांसमोर आणा. द्यायला डॉलर नाहीत, बाजारातून घ्यायचे तर प्रत्येक डॉलरवर मोठा खड्डा, आणि धंदा बंद. बँकेची उघडी रक्कम सर्वांत मोठी झाली ती ग्राहक सर्वांत दुबळा असतानाच. याला उलट दिशेची जोखीम म्हणतात आणि ९,००० रुपयांच्या गुणाकारात ती दिसत नाही. मॉन्टे कार्लोत डॉलर आणि ग्राहकाची पत यांच्या वाटा एकत्र काढल्या तरच ती थोडीफार हाती लागते, आणि तीही संबंध किती ते आपणच सांगितल्यावर. म्हणून एकाच मालावर, एकाच बंदरावर किंवा एकाच परवानगीवर उभ्या असलेल्या ग्राहकासाठी वेगळा प्रसंग हाताने मांडावा: निर्यात सहा महिने बंद आणि डॉलर २० टक्के वर, तर काय?

निर्यातदारानेही हे आपल्या बाजूने बघावं. कमाईपेक्षा जास्त डॉलर विकून ठेवले की जोखीम टळत नाही, नवी ओढवते. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ४० रुपयांखाली होता, मार्च २००९ मध्ये ५० च्या वर. त्या काळात अनेक भारतीय निर्यातदार न समजलेल्या गुंतागुंतीच्या करारांत अडकले, आणि डेरिव्हेटिव्हचे नियम न पाळल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये १९ बँकांना दंड केला.

सातवी पायरी: कामाचा कागद

प्रत्येक करारासाठी एक पान ठेवा. त्यावर मूल्य काढल्याची तारीख, वापरलेली पद्धत आणि प्रत्येक आकड्याचा उगम लिहा. डॉलरचा संदर्भ दर एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) या संस्थेकडून, सरकारी रोख्यांचा व्याजवक्र क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडून मिळतो. चढउतारासाठी बँकेला लेखी विचारा, आणि शेअर बाजारातल्या डॉलर-रुपया ऑप्शनच्या भावांशी ताडून पाहा. भारतीय लेखामानक ११३ प्रमाणे आकडा कुठल्या पातळीचा तेही नोंदवा: थेट बाजारभाव पहिल्या पातळीचा, बाजारातल्या दरांवरून काढलेला दुसऱ्या, आणि आपल्या अंदाजावर टेकलेला तिसऱ्या. साधा फॉरवर्ड दुसऱ्या पातळीत बसतो. त्यात पतजोखीम मिळवली आणि तिची शक्यता स्वतःच्या अंदाजाने धरली, आणि तिचा परिणाम मोठा असेल, तर तो तिसऱ्या पातळीत जाऊ शकतो. हे लेखापरीक्षकाशी आधीच बोलून घ्या.

मग एकेक आकडा हलवून पाहा: चढउतार दोन टक्के वर, व्याजदर अर्धा टक्का वर, वसुली ४० ऐवजी २५. कुठल्या आकड्याने मूल्य सर्वाधिक हललं ते पानावर ठळक लिहा. बँकेला प्रश्न विचारताना तिथूनच सुरुवात करा, आणि बँकेचं उत्तर तारखेसकट त्याच पानाला जोडून ठेवा.